काट्यावर ६७०, वहीत ६६५: अकरावीचे रसायनशास्त्र घरी शिकवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील विद्यार्थिनी माझी पुतणी आहे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या पट्ट्यात आमचे एकत्र कुटुंब राहते. चार एकर मोसंबी आणि उरलेल्या रानात कापूस, तूर, सोयाबीन अशी शेती आहे. मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली आणि विज्ञानात तिला १०० पैकी ८४ गुण मिळाले, म्हणून तालुक्याच्या गावी अकरावी विज्ञानाला तिचे नाव घातले. तिथे तास नियमित होत नव्हते. पटावर नाव महाविद्यालयात आणि अभ्यास खासगी शिकवणीत, ही रीत आता इतकी रुळली आहे की कोणी त्याची तक्रारही करत नाही. पहिल्या घटक चाचणीत तिला रसायनशास्त्रात २५ पैकी ७ गुण मिळाले.

माझ्या मोठ्या दिरांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, मनात तिला लातूरला ठेवायचे होते. मराठवाड्यात विज्ञान शाखेचा विषय निघाला की लातूर पॅटर्नचे नाव निघतेच, आणि तिथल्या खोल्या, खाणावळी आणि शिकवण्या यांचा हिशेब सांगणारा एखादा नातेवाईक प्रत्येक घरात असतोच. त्या वर्षी मोसंबीची फळगळ फार झाली होती आणि हा हिशेब जमण्यासारखा नव्हता. शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, "घरात एमेस्सी झालेली बाई बसलेली असताना पोरीला लांब कशाला धाडायचं?" मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि पाच वर्षे तासिका तत्त्वावर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवले आहे. 'बसलेली' हा शब्द मला लागला, पण जबाबदारी मी घेतली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी दीड तास, जेवणाच्या आधी, ओसरीवर बसायचे ठरले.

अडचण नेमकी कुठे होती

मी पहिले चार दिवस काहीही शिकवले नाही, फक्त प्रश्न विचारले. वर्गात साठ मुलांपुढे उभे राहून हे कधी करता येत नाही. घरी शिकवण्याचा तेवढा एक फायदा निर्विवाद आहे. तिला समीकरणे पाठ होती, संयुजा पाठ होत्या, व्याख्या तर शब्दन्‌शब्द पाठ होत्या. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी तयार होण्याचे समीकरण संतुलित करायला सांगितले, तेव्हा तिने 'एच२ + ओ२ → एच२ओ२' असे लिहून पेन खाली ठेवला. दोन्हीकडचे अणू मोजले तर चुकले काहीच नव्हते. मी विचारले, "हे पाणी आहे का?" ती म्हणाली, "बॅलन्स झालंय ना काकू." गोठ्याच्या कोनाड्यात बैलाची जखम धुण्यासाठी आणलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली होती. ती आणून मी तिच्यापुढे ठेवली आणि तू लिहिलेस ते हे आहे, असे सांगितले. तिने बाटलीवरचे नाव दोनदा वाचले. रेणूसूत्रातला खालचा आकडा पदार्थाची ओळख सांगतो आणि सूत्राच्या पुढचा आकडा असे किती रेणू आहेत ते सांगतो, हे तिला दहावीपासून माहीत होते. पण त्या माहितीचा खऱ्या पाण्याशी किंवा खऱ्या बाटलीशी काही संबंध असेल, असे तिला कधी वाटलेच नव्हते.

थोडे विषयांतर करून सांगते की ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १८०८ मध्ये डाल्टनने पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो असे धरले होते, कारण सर्वांत सोपी शक्यता तीच दिसत होती. १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने त्यातून वाट दाखवली, तरी १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथील परिषदेत कानिझारोने ती पुन्हा मांडेपर्यंत युरोपातले रसायनशास्त्रज्ञ सूत्रांवरून भांडतच होते. जे समजायला त्यांना पन्नास वर्षे लागली, ते अकरावीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात येऊन जाते.

दुसरी अडचण भाषेची होती, आणि ती मला अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी सापडली. मूलद्रव्याला एलिमेंट आणि अवक्षेपाला प्रेसिपिटेट म्हणतात, एवढे तिने आठवडाभरात जुळवून घेतले. ती अडत होती ती शास्त्राबाहेरच्या इंग्रजी शब्दांवर. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, हे तिला माहीत नसल्यामुळे एका उदाहरणात दोन मूलद्रव्यांची वस्तुमाने तिने उलटसुलट घेतली होती आणि पुढचे सगळे गणित बिनचूक करूनही उत्तर चुकले होते. अशा पंचवीसेक शब्दांची यादी आम्ही वहीच्या मागच्या पानावर केली आणि हा प्रश्न तिथेच मिटला. गणितातले आकडे ज्या वस्तूंविषयी बोलतात त्या वस्तू तिला दिसत नव्हत्या, ही खरी अडचण मात्र यादीने मिटणारी नव्हती.

मोल आणि मुगाचे दाणे

मोल शिकवताना शिक्षक हटकून डझनाचा दाखला देतात. मीही वर्षानुवर्षे तोच दिला आहे. बारा म्हणजे डझन, तसे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच या नेमक्या आकड्यावर बांधली गेली आहे. तिला हा दाखला तोंडपाठ होता. डझनभर मोसंबी जड की डझनभर लिंबे जड, याचे उत्तर तिने हसत दिले. लगेच मी विचारले की एक मोल तांबे जड की एक मोल कार्बन? ती म्हणाली, "दोन्ही सारखेच, दोन्ही एक मोलच आहेत." गणितात मोलच्या शेजारी नेहमी ग्रॅम येतात, त्यामुळे मोल हे किलोसारखे एखादे वजनाचेच माप आहे अशी तिची पक्की समजूत झाली होती. डझनाच्या दाखल्याने ती दूर होत नाही, कारण डझनभर वस्तू आपण बोटांनी मोजतो, काट्यावर टाकून मोजत नाही. हा दाखला मी त्या दिवसापासून सोडून दिला आहे.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मी चार वाट्यांत मूग, तूर, सोयाबीन आणि हरभरा घेऊन बसले. तूर आमच्या रानातली, बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ वाणाची होती. प्रत्येकाचे ५०० दाणे मोजायचे काम पुतणी, तिचा धाकटा भाऊ आणि आजी यांनी वाटून घेतले; आजींनी शंभराच्या ढिगाऱ्या करायला लावल्या, कारण त्यांच्या हिशेबाला अजून शेकडाच लागतो. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मूग १९ ग्रॅम, तूर ५३, सोयाबीन ६१ आणि हरभरा १०४ भरला. मग मी एक किलो सोयाबीन पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधले आणि आत किती दाणे आहेत ते पिशवी न सोडता सांगायला सांगितले. तिने कागदावर भागाकार केला आणि ८,२०० च्या आसपास असे उत्तर दिले. क्षणभर थांबून ती म्हणाली, "म्हणजे न मोजता मोजायचं."

मुगाला १ धरले तर तूर २.८, सोयाबीन ३.२ आणि हरभरा ५.५ येतो. हे आकडे तिने लिहिल्यावर मी शेजारी आवर्तसारणी उघडून ठेवली: हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६. सापेक्ष अणुवस्तुमानाला एकक का नसते, हा प्रश्न तिला दहावीपासून पडलेला होता आणि तो तिने कोणाला विचारला नव्हता. त्या संध्याकाळी तो विचारावाही लागला नाही. आजींनी मात्र एक शंका काढली, आणि ती मला सुचली नव्हती: "त्यात पोचट दाणे असतात, त्यांचं काय?" सगळे दाणे सारखे नसतात, म्हणून येणारे वजन सरासरीचे असते, एवढेच उत्तर मी दिले, आणि त्यातून क्लोरिनच्या ३५.५ वर आपोआप येता आले. ३५ आणि ३७ वस्तुमानाचे अणू निसर्गात साधारण तिनास एक या प्रमाणात मिसळलेले असल्यामुळे सरासरी ३५.५ येते, प्रत्यक्षात साडेपस्तीस वस्तुमानाचा क्लोरिनचा एकही अणू कुठे नसतो.

खाण्याचा सोडा

यानंतर मी जे केले त्यात माझीच चूक झाली, आणि हे प्रकरण लिहून काढण्याचे मुख्य कारण ती चूक आहे.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट. त्याचे एक मोल ८४ ग्रॅम भरते. तो तापवला की त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि मागे सोडिअम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, उरतो. दोन मोल बायकार्बोनेटपासून एक मोल कार्बोनेट मिळते, म्हणून १६८ ग्रॅममागे १०६ ग्रॅम आणि ८४ ग्रॅममागे ५३ ग्रॅम उरायला हवेत. घरात करता येण्यासारखे इतके स्वच्छ मोजमापाचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. साहित्य किराणा दुकानात मिळते, निघणाऱ्या वायूंपासून उघड्या खिडकीच्या स्वयंपाकघरात धोका नसतो, आणि फरक ३१ ग्रॅमचा असल्यामुळे साधा काटाही तो दाखवतो. भांडे मात्र स्टीलचे किंवा लोखंडी घ्यावे. ओल्या कार्बोनेटने ॲल्युमिनिअम काळे पडते आणि खराबही होते.

प्रयोगाआधी मी हे सगळे गणित फळ्यावर करून दाखवले आणि ५३ या आकड्याभोवती चौकट काढली. स्टीलची कढई ६१२ ग्रॅम भरली, तीत ८४ ग्रॅम सोडा घातला, एकूण ६९६. मंद आचेवर उलथण्याने हलवत राहिल्यावर काही मिनिटांतच ती कोरडी पूड उकळत्या दुधासारखी हलू लागली. आतून निघणाऱ्या वायूमुळे दाणे तरंगतात आणि पूड पातळ पदार्थासारखी वाहते. तो देखावा पाहायला धाकटाही चुलीपाशी आला. दहा मिनिटांनी गॅस बंद केला, कढई गार होऊ दिली, कारण गरम भांडे ठेवल्यास काटा बिघडतो आणि वजनही चुकीचे दाखवतो, आणि मग पुतणीने ती काट्यावर ठेवली. मी हात धुऊन आले तोवर तिने वहीत लिहून ठेवले होते: कढई आणि पदार्थ ६६५, पदार्थ ५३ ग्रॅम, सिद्ध झाले.

कढई अजून काट्यावरच होती आणि काटा ६७० दाखवत होता.

मी तिला रागावले नाही, पण पाच मिनिटे मला काही बोलताही आले नाही. तिने खोटेपणा केला असे तिला वाटतच नव्हते. काटा पाच ग्रॅमने चुकला आहे, उत्तर तर फळ्यावर चौकटीत आहे, मग बरोबर तेच लिहिले, असा तिचा सरळ विचार होता. दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या वहीतली निरीक्षणे फळ्यावरून उतरवली जातात, हे आपण सगळेच जाणतो. मी शिकवत होते त्या काळात मीही ती उतरवून दिली आहेत. ८४ गुणांची मुलगी ७ गुणांवर का आली याचे उत्तर मला त्या कढईत मिळाले. उत्तर आधी माहीत असले की काटा पाहायची गरज उरत नाही, आणि काटा न पाहण्याची सवय लागली की समीकरणातले आकडे कशाचे आहेत हा प्रश्नच पडत नाही.

"काटा बरोबर असेल तर काय झालं असेल?" एवढेच मी विचारले. तिने बराच वेळ कढईकडे पाहिले आणि म्हणाली, "अजून थोडा सोडा तसाच राहिला असेल." मग स्वतःच पुन्हा गॅस पेटवला. दुसऱ्या वेळी कढईसह ६६७ आले, म्हणजे ५५. तिसऱ्या वेळी ६६६ आणि चौथ्या वेळीही ६६६. वजन बदलायचे थांबले की अभिक्रिया पूर्ण झाली असे समजायचे, ही प्रयोगशाळेतली स्थिर वस्तुमानाची रीत तिने न सांगता शोधली. हाती आले ते ५४ होते, ५३ नाही. राहिलेल्या एका ग्रॅमचे काय करायचे असे तिने विचारले, तेव्हा मी ५४ च लिहायला सांगितले आणि खाली कारणांची जागा मोकळी सोडायला लावली. तिने तिथे लिहिले: काटा एका ग्रॅमपेक्षा बारीक दाखवत नाही, पावसाळी हवेतला ओलावा शोषला गेला असेल.

कढईतली पूड आणि मूळ सोडा यांची वेगवेगळी द्रावणे करून हळद लावलेल्या कागदावर एकेक थेंब टाकला. साध्या सोड्याने हळदीचा रंग जेमतेम बदलला आणि तापवलेल्या सोड्याचा डाग कुंकवासारखा लाल झाला. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्याची क्रिया करूनच तयार होते, हे आजींना ठाऊक होते. हळद अल्कली ओळखणारी दर्शक म्हणून वापरतात हे तिला पुस्तकातून ठाऊक होते. या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे मात्र दोघींना एकाच वेळी कळले.

त्यानंतर मी एक नियम घातला आणि तो शेवटपर्यंत पाळला: कोणत्याही प्रयोगाचे अपेक्षित उत्तर आधी काढायचे नाही. निरीक्षण पेनाने लिहायचे, खोडायचे नाही, गणित त्यानंतर. पहिल्या सत्र परीक्षेत तिला ५० पैकी १९ गुण मिळाले. घरात यावर थोडी कुजबुज झाली, कारण दीड महिना सोडा तापवून एवढेच का, असा सगळ्यांचा रोख होता. तो रास्तही होता; अणूची संरचना आणि रासायनिक बंध ही प्रकरणे मी मागे टाकली होती.

बोर्डोचे मिश्रण

दिवाळीनंतर मोसंबीच्या खोडांना बोर्डो लावायचे काम निघाले. खोडातून डिंक वाहणाऱ्या डिंक्या रोगावर हा जुना उपाय आहे. फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी द्राक्षांवरील रोगासाठी तो १८८५ मध्ये प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून मिश्रणाला त्या गावाचे नाव चिकटले. फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी असे प्रमाण घेतात. खोडाला लावायचे मलम करताना पाणी दहा लिटरच घेतात. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात पुरचुंडी बांधून प्लास्टिकच्या बादलीत पाण्याच्या वरच्या अंगाला लोंबकळत ठेवतात. जड झालेले निळे द्रावण धाग्याधाग्यांनी तळाशी उतरत जाते आणि सकाळपर्यंत पुरचुंडी रिकामी होते. लोखंडी भांडे चालत नाही, आणि ते का चालत नाही हेच आमच्या पुढच्या आठवड्याचे प्रकरण ठरले.

पुतणीने वहीत हिशेब मांडला. मोरचुदाच्या एका मोलाचे वस्तुमान, त्यातील पाण्याचे पाच रेणू धरून, २४९.५ ग्रॅम, म्हणजे एक किलोत चार मोल. विरवलेल्या चुन्याचा एक मोल ७४ ग्रॅम. चार मोलांना २९६ ग्रॅम पुरतात. ती वही घेऊन थेट वडिलांकडे गेली. "बाबा, तीनशे ग्रॅम चुना बास होतोय. तुम्ही सातशे ग्रॅम फुकट का घालता?" मोठे दीर हातातले काम न थांबवता म्हणाले, "तुझा हिशेब कागदावर आहे. झाडाला चटका बसला तर कोण भरून देणार?"

ते बरोबर होते, आणि ते का बरोबर आहेत हे शोधण्यात आमचे चार दिवस गेले. मोकळे राहिलेले तांबे पानांना आणि कोवळ्या सालीला जाळते, म्हणून मिश्रण लावण्याआधी त्यात घासलेला विळा बुडवून पाहण्याची रीत आहे: पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रणात तांबे अजून मोकळे आहे आणि चुना वाढवायला हवा. लोखंड द्रावणातले तांबे बाहेर काढते आणि स्वतः द्रावणात जाते, ही दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया. तिने हे समीकरण परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते आणि विळा बुडवताना वडिलांना शेकडो वेळा पाहिलेही होते. तरी दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात कधी भेटल्या नव्हत्या.

आम्ही टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत प्रत्येकी १० ग्रॅम मोरचूद विरघळवले. एक-दोन ग्रॅम चुना आमच्या काट्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून २० ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात कालवून त्याची निवळी न घेता ढवळलेले दूधच मोठ्या सिरिंजने ५०, १००, १५०, २०० मिलिलिटर असे घातले. ५० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो आणि उरलेला तळाशी बसतो, त्यामुळे प्रत्येक वेळी ढवळणे भाग होते. चुनकळी विरवण्याचे काम मी स्वतः केले, कारण ती विरताना पाणी उकळते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मोरचूद विषारी असल्यामुळे स्वयंपाकघरातले एकही भांडे बाहेर नेले नाही, हातमोजे घातले आणि उरलेले सगळे द्रावण नंतर चुना वाढवून बागेच्या मिश्रणात ओतले.

काचपेपरने घासलेले खिळे चार डब्यांत सोडले. एक ग्रॅमच्या डब्यातला खिळा दोन-तीन मिनिटांत तांब्यासारखा झाला, दोन ग्रॅमच्या डब्यातला फिकट तांबूस झाला, तीन आणि चार ग्रॅमच्या डब्यांतले खिळे तसेच राहिले. कागदावरचा हिशेब २.९६ ग्रॅम सांगत होता. खरे तर बोर्डोतला निळा अवक्षेप साधा कॉपर हायड्रॉक्साइड नसतो, त्यात सल्फेटही अडकलेले असते, आणि दोन्ही द्रावणे कशी ओतली यावरही तो बदलतो. पण हे मी तिला त्या दिवशी मुद्दाम सांगितले नाही. बारावीनंतर सांगता येईल.

हे सगळे नव्याने आणलेल्या चुनकळीवर झाले. मग तिने वडिलांच्या गोठ्यातल्या, गेल्या वर्षी फोडलेल्या पोत्यातला चुना घेतला. त्याच्या तीन ग्रॅमला खिळा लाल झाला, पाच ग्रॅमलाही किंचित झाला. सात ग्रॅमला थांबला. मी काही बोलायच्या आत तिने त्या चुन्यावर व्हिनेगर टाकले आणि तो फसफसला. नव्या चुन्यावर टाकले तेव्हा जेमतेम चार बुडबुडे आले. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अर्ध्याहून अधिक चुन्याचा खडू, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, करून टाकला होता. तिने मांडलेला हिशेब असा: या चुन्याचा एक किलो म्हणजे कामाचा चुना सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि लागतात तीनशे. एकास एक प्रमाण ठेवल्यामुळे इतका मेलेला चुना घालूनही झाडे वाचत होती.

"म्हणूनच तर एकास एक," मोठे दीर म्हणाले. त्यांनी सात ग्रॅमचा डबा उचलून उन्हात धरला, खिळा बोटाने पुसून पाहिला आणि गोठ्यातले पोते रानाच्या बांधावर टाकायला गड्याला सांगितले. लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, हा शब्द मी त्यानंतर तिसऱ्या दिवशी उच्चारला. तोवर व्याख्या सांगण्यासारखे काही उरले नव्हते. तिने फक्त इंग्रजी नाव लिहून घेतले.

जे जमले नाही

घरी शिकवण्याच्या मर्यादा लवकरच दिसल्या. कार्बनी संयुगांचे नामकरण मला अशा कोणत्याही वाटेने शिकवता आले नाही. तिथे सरावाला पर्याय नव्हता आणि आम्ही दोघीही कंटाळलो. क्षारांचे पृथक्करण, तीव्र आम्ले, ज्वलनशील द्रावके यांतले काहीही घरात करायचे नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवले होते. संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरिन निघतो, हे तर मी समीकरणासह घरातल्या सगळ्यांनाच सांगितले. प्रात्यक्षिकांसाठी तिने महाविद्यालयातच जायचे ठरले आणि त्या दिवशी एसटीचा पास कामी आला. शिवाय काकू आणि शिक्षिका या दोन भूमिका एकाच ओसरीवर निभावणे अवघड गेले. स्वयंपाकाची वेळ झाली की दीड तासातली वीस मिनिटे हमखास कापली जात, आणि ती चिडली की 'मॅडम'वर चिडायची सोय नसल्यामुळे काकूवर चिडत असे.

दुसऱ्या घटक चाचणीत तिला २५ पैकी १७ मिळाले. वार्षिक लेखी परीक्षेत ७० पैकी ४६. गेलेल्या गुणांपैकी बहुतेक कार्बनी रसायनात गेले.

फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड यांचे अनुमापन, म्हणजे एका द्रावणाला दुसरे किती पुरते हे मोजण्याचा प्रयोग, होता. तिच्या तुकडीतल्या सगळ्या मुलांच्या ब्युरेटचे (खुणा केलेल्या मोजनळीचे) वाचन तिन्ही वेळा १०.० मिलिलिटर आले होते. तिचे ९.७, ९.९, ९.९ असे होते. सरांनी वही हातात घेऊन विचारले, "बाकी सगळ्यांचे दहा आले, तुझे कसे नाही?" संध्याकाळी घरी येऊन तिने मला हे सांगितले, तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, सर, ब्युरेट अजून तशीच आहे, बघून घ्या."

त्यांनी वाकून पाहिले आणि सही केली.